उजवा हात छाटणीचा, डावा हात किडनीचा

"डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निफाड तालुक्यात असतात. वय 66. अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि छाटणीची कात्री अजून स्वतः हातात धरतात. दोन महिन्यांपासून बांध चढताना छातीत दाब येतो, थांबलं की जातो. नाशिकला ट्रेडमिल टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करू, उजव्या मनगटातून. अण्णा म्हणतात, उजवा हात पोटाचा आहे, त्याला भोक पाडायचं नाही; डाव्यातून करा, नाहीतर पायातून करा. शेजारच्या आबांची 15 वर्षांपूर्वी पायातून झाली, ते ठणठणीत आहेत. उलट माझ्या चुलत सासऱ्यांची हातातून झाली तर त्यांचा हात महिनाभर दुखत होता. अण्णांना 18 वर्षांपासून शुगर आहे, मागच्या महिन्यात क्रिएटिनिन 2.1 होतं. त्यात आत्या म्हणते पितृपक्ष संपू द्या. इकडे छाटणी तोंडावर आली. हातातून करावी की पायातून? हातातून तर कोणत्या? आणि कात्री कधी धरता येईल, हे अण्णा रोज विचारतात.
एक मुलगी, इंदिरानगर, नाशिक"

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्हही दिलं नाहीत. क्रिएटिनिन 2.1. किडनी कितपत काम करतेय ते सांगणारा रक्ततपासणीतला हा आकडा. अण्णा उजव्या हाताची काळजी करतायत, ती मला समजते. पण माझी नजर त्या आकड्यावर अडकली, आणि कोणता हात हे ठरवताना छाटणीपेक्षा तो आकडा जास्त बोलणार आहे. त्याच्याकडे येतेच. आधी हात की पाय ते उरकू, कारण तिथे मला फारसा संभ्रम नाही.

आबांची पायातून झाली, कारण 15 वर्षांपूर्वी आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर पायातूनच करत होते. मीही त्यातलीच. जांघेतली धमनी जाड, करंगळीएवढी. सुई सहज लागते, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायची नळी सरळ वर जाते. आमचे हात त्यावर बसलेले होते. मनगटातली धमनी जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरची, आणि तिच्यातून काम शिकायचं म्हणजे पहिले पन्नासेक पेशंट स्वतःचाच घाम काढणारे. म्हणून अनेकांनी टाळाटाळ केली. आबांच्या पायातल्या नळीमागे यापेक्षा मोठं शास्त्र असेलच असं नाही.

अण्णांना वाटत असेल की हातातून करणं हे अलीकडचं फॅड आहे, तर त्यांना सांगा की हृदयात पहिली नळी गेली तीच मुळी हातातून. 1929 साली वेर्नर फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरानं स्वतःच्याच कोपराजवळच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि ती तशीच हातात ठेवून एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला. लोकांनी वेड्यात काढलं. 1956 साली त्याच कामासाठी नोबेल मिळालं. मनगटातल्या धमनीतून सुईनं आत शिरून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढण्याचं काम कॅनडातल्या ल्यूसिएँ कांपो यांनी 1989 साली प्रसिद्ध केलं, आणि 1992 साली ॲमस्टरडॅमला फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच वाटेनं अँजिओप्लास्टी, म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी फुग्यानं उघडण्याचं काम, केलं. म्हणजे ही वाट तीसेक वर्षं जुनी आहे. आता तर युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना, काही अडचण नसेल तर मनगटच आधी बघा, असं लेखी सांगतात.

कारण रक्तस्राव. मनगटातली धमनी कातडीखाली लगेच, आणि तिच्या मागे हाड. अंगठ्यानं दाबली की थांबली. जांघेतली धमनी खोल. सुई जरा वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साठत जातं, बाहेर थेंब दिसत नाही. पेशंटची पाठ दुखायला लागते, बीपी उतरायला लागतो आणि तेव्हा कुठे आपल्याला कळतं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या मॅट्रिक्स नावाच्या चाचणीत हार्ट अटॅक किंवा तसल्या तातडीच्या दुखण्याच्या 8404 पेशंटना हात आणि पाय असं वाटून पाहिलं होतं. हातवाल्यांमध्ये मोठा रक्तस्राव कमी झाला, आणि मृत्यूही कमी झाले. अण्णांचं दुखणं तातडीचं नाही, त्यामुळे जीव वाचण्याचा तो फायदा त्यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. रक्तस्रावाचा मात्र होतो.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. बरीच वर्षं झाली, मी तेव्हा ज्या रुग्णालयात काम करत होते तिथली. नाशिकरोडकडचे एक गृहस्थ, पायातून अँजिओग्राफी, रिपोर्ट चांगला. पायावर वाळूची पिशवी, सहा तास हलायचं नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं. पण बायकोला सांगितलं नव्हतं. रात्री लघवीला लागली. बेडपॅनची लाज वाटली म्हणून त्या माऊलीनं खांदा देऊन त्यांना उठवलं. सिस्टरचा फोन आला तेव्हा जांघेत नारळाएवढी सूज होती. मी मूठ रोवून पाऊण तास दाबून उभी होते, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. ते बरे होऊन घरी गेले, पण महिनाभर मांडी काळीनिळी होती. त्या रात्रीनंतर मी मनगटाची वाट शिकायचं मनावर घेतलं. मनगटवाला पेशंट टेबलावरून उतरून स्वतःच्या पायानं बाथरूमला जातो. साठीपुढच्या, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला ही किती मोठी गोष्ट आहे ते अण्णांना विचारा.

तेव्हा पायाचा हट्ट सोडा म्हणावं. आता हात कोणता.

अण्णांचं म्हणणं वरवर एकदम रास्त आहे. उजवा कामाचा, मग डाव्यातून करा. डाव्या हातातून अँजिओग्राफी होते, रोज होते. बायपास झालेल्या माणसात छातीच्या डाव्या बाजूची धमनी हृदयाला जोडलेली असते, तिचा फोटो घ्यायला डावाच हात सोयीचा. म्हाताऱ्या, बुटक्या माणसांत उजव्या खांद्याजवळची रक्तवाहिनी नागमोडी झालेली असते, तिथेही डावा बरा पडतो. उजवा निवडण्यामागे बऱ्याचदा डॉक्टरची सोयच असते: आम्ही टेबलाच्या उजव्या अंगाला उभे असतो, डाव्या हातासाठी पेशंटच्या पोटावरून वाकावं लागतं आणि कंबर बोलायला लागते. क्रिएटिनिन 0.9 असतं तर मी तुम्हाला लिहिलं असतं, डॉक्टरांना सरळ विनंती करा, डाव्यातून करून देतील.

पण ते 2.1 आहे. 66 वर्षांच्या पुरुषाला हा आकडा म्हणजे किडनीची गाळण्याची ताकद, जिला रिपोर्टमध्ये जीएफआर म्हणतात, ती साधारण 34. शंभराच्या आसपास असावी ती चौतीस. 18 वर्षांच्या शुगरनं हे हळूहळू केलेलं असणार. यातल्या कित्येकांना आयुष्यात डायलिसिस लागतच नाही, हे आधी स्पष्ट सांगते, नाहीतर तुम्ही आज रात्री झोपणार नाही. पण लागू शकतं, आणि लागलं तर त्यासाठी हातात फिस्टुला करावा लागतो. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि तिच्या शेजारची शीर शिवून एकमेकींना जोडतात. धमनीच्या जोरानं शीर फुगून जाड होते आणि तिच्यात डायलिसिसच्या सुया टोचता येतात. 1966 पासून हे असंच चालत आलंय आणि अजूनही त्याच्याइतकी टिकाऊ दुसरी सोय नाही. हा फिस्टुला पहिल्यांदा करतात तो कामाच्या नसलेल्या हातात. म्हणजे अण्णांच्या डाव्या. फिस्टुला करायला लागते तीच धमनी, जिच्यातून अण्णा अँजिओग्राफी करून घ्यायला निघालेत.

नळी घातल्यावर धमनी खराब होतेच असं नाही. पण काही जणांत ती नंतर आतून गोठून बंद पडते. गंमत अशी की पेशंटला पत्ताही लागत नाही. हाताच्या पंजाला दोन धमन्या रक्त देतात, एक अंगठ्याच्या बाजूनं, एक करंगळीच्या बाजूनं, आणि तळहातात दोघींची कमान जुळलेली असते. एक बंद पडली तर दुसरी चालवून नेते. हात गार पडत नाही, काळा पडत नाही, म्हणून कुणी तपासतही नाही. कळतं ते पाच वर्षांनी, जेव्हा सर्जन फिस्टुला करायला मनगट चाचपतो आणि तिथे नाडीच नसते.

म्हणून माझं मत तुमच्या डॉक्टरांच्याच बाजूनं पडतं: उजवं मनगट. त्यांनी ते किडनीचा विचार करून सांगितलं की सवयीनं, ते मला माहीत नाही, तुम्ही विचारा. असं विचारा: "क्रिएटिनिन 2.1 आहे, डावा हात राखून ठेवायचा म्हणून उजवा घेताय ना?" हो म्हणाले तर निर्धास्त व्हा. फाइल उघडून आकडा शोधायला लागले तर प्रश्न विचारला हे बरं झालं म्हणायचं. आणि एकदा नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवून घ्या, अँजिओग्राफीच्या आधी. त्यांनी जर सांगितलं की किडनी झपाट्यानं उतरतेय, वर्ष-दोन वर्षांत डायलिसिसचं बघावं लागेल, तर मात्र पारडं फिरतं. मग दोन्ही मनगटं राखावीत आणि सोनोग्राफीत बघत बघत, बारीक नळीनं, जांघेतून जावं, असं मीही म्हणेन. पायाला मी वर नाही म्हटलंय, ते या एका शक्यतेत मागे घ्यायला तयार आहे.

किडनीला जपायचं तर सरसकट पायातूनच का नाही, असंही कुणी तुम्हाला सांगेल. त्यातली दुसरी बाजू अशी की पायातून जाणारी नळी किडनीच्या धमन्यांच्या तोंडापुढूनच वर जाते आणि जाताना महाधमनीच्या भिंतीवरचा चुनखडीचा थर खरवडू शकते. हातातून जाणारी नळी तिकडे फिरकतच नाही. मॅट्रिक्समध्येच पुढे पाहिलं तर हातवाल्यांच्या किडनीला इजा थोडी कमी झालेली दिसली. रक्तस्राव कमी, बीपी कमी कोसळतो, हेही त्यामागे असेल. म्हणजे किडनी एका कानात सांगते मनगट वाचवा आणि दुसऱ्या कानात सांगते मनगटातूनच जा. आज आहे ती किडनी आणि उद्याचा फिस्टुला, दोघांचं ऐकायचं तर उजवं मनगट हा त्यातल्या त्यात नीट तोडगा आहे.

किडनीला खरा त्रास देणारा असतो तो डाय, म्हणजे फोटोसाठी सोडतात ते औषध. अंगात एकदम गरम झाल्यासारखं वाटतं ते त्याचंच. डॉक्टरांना सांगा की डाय मोजून वापरा, आणि अँजिओप्लास्टी लागणार असेल, घाई नसेल, तर त्याच बैठकीत उरकण्याऐवजी किडनीला मध्ये काही दिवस देता येतील का ते बघा. आधी-नंतर सलाईन किती, तेही तेच ठरवतील. शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर ती कधी थांबवायची आणि पुन्हा क्रिएटिनिन बघून कधी सुरू करायची हे लिहून घ्या. आणि अण्णा गुडघ्यासाठी मेडिकलवरून एखादी दुखण्याची लाल-पिवळी गोळी आणून खात असतील, बहुतेक शेतकरी खातात, तर ती आजपासून बंद. ती गोळी रोज खाल्ली तर तीही किडनीचं मोठं नुकसान करू शकते.

तुमच्या चुलत सासऱ्यांचा हात. न बघता नेमकं सांगता येणार नाही, पण दोन गोष्टी नेहमीच्या आहेत. एक, धमनी आखडते. या धमनीच्या भिंतीत स्नायू भरपूर, आणि भीती, थंडी, दुखणं, यातल्या कशानंही ती नळीला आवळून धरते. नळी ओढली की कोपरापर्यंत कळ जाते. त्यावर नळी घालतानाच धमनी सैल करणारं औषध आत सोडतात, आणि घाबरलेल्या पेशंटला हलकं झोपेचं औषधही देतात. अण्णांना टेबलावर भीती वाटली तर गप्प बसून मर्दानगी दाखवू नका म्हणावं, सांगा, त्यानं धमनीही सैल पडते. दोन, हातात आतल्या आत थोडं रक्त पसरतं, निळं पडतं आणि ते जिरायला दोन-चार आठवडे लागतात. महिनाभर दुखलं ते बहुधा यातलं काहीतरी. मुठीतला जोर कायमचा गेला असं मात्र मी इतक्या वर्षांत फार क्वचित पाहिलं.

भोक किती मोठं, हे अण्णांना कुणीच सांगितलेलं नसतं. आमच्या नळ्यांचं माप फ्रेंचमध्ये असतं, 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. नुसत्या अँजिओग्राफीला 5 फ्रेंचची नळी पुरते. नळीसकट ते भोक म्हणजे काडेपेटीतल्या काडीएवढं. मनगटाच्या घडीच्या दोनेक सेंटिमीटर वर, भूल द्यायच्या सुईनं मुगाएवढा फुगवटा काढतात, तेवढंच दुखतं. त्यापुढे तार खांद्यातून हृदयापर्यंत जाते ती कळतही नाही. मोठं भोक लागत नसेल तर बारीक नळीच वापरा, असं सांगायला हरकत नाही. बारीक नळी गेली की धमनी बंद पडण्याची शक्यताही कमी होते.

नळी घालायच्या आधी कुणी अण्णांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून मनगट दाबून बघेल. करंगळीकडची धमनी पंजाला पुरते का, हे बघण्याची ती रीत. पूर्वी मूठ आवळून, तळहात पांढरा करून पुन्हा लाल व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचो. आता या परीक्षेत नापास झाला म्हणून हात नाकारत नाहीत सगळीकडे, तेव्हा कुणी ती केली नाही म्हणून भांडू नका.

भांडायचंच असेल, म्हणजे गोड बोलून, तर नळी काढल्यानंतरच्या पट्ट्यावरून भांडा. माझ्या मते हातातून अँजिओग्राफी चांगली झाली की वाईट, ते टेबलावर नाही, या पट्ट्यात ठरतं. नळी काढली की मनगटाला पारदर्शक प्लॅस्टिकचा पट्टा बांधतात, त्यात छोटी पिशवी असते आणि सिरिंजनं तिच्यात हवा भरतात. बाहेर रक्त येऊ नये म्हणून घाईत ती गच्च भरली की आतला प्रवाहही थांबतो, आणि दोन-तीन तास प्रवाह थांबलेली धमनी गोठणारच. चांगली सिस्टर काय करते ते बघा: हवा भरते, मग सिरिंजनं हळूहळू काढत जाते, भोकावर रक्ताचा एक मणी उगवताना दिसला की थांबते आणि एक-दोन मिलिलिटर परत भरते. तेवढाच दाब, रक्त बाहेर येत नाही पण आत वाहत राहतं. मग अंगठ्याला ऑक्सिमीटर लावून करंगळीकडची धमनी दाबते. पडद्यावर लाट दिसली म्हणजे मनगटातली धमनी पट्ट्याखालूनही चालू आहे. ही दोन मिनिटांची गोष्ट आहे. वॉर्डात गर्दी असली की हीच राहून जाते. तुम्ही अण्णांच्या उशाशी असालच, तर सिस्टरना विचारा, "ताई, पट्टा असताना नाडी चालू आहे का बघितलं का?" एवढा नेमका प्रश्न नातेवाईक विचारत नाहीत, तेव्हा त्या चमकून तुमच्याकडे बघतील. बघू दे. धमनी गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारं हेपॅरिनही देतात, त्याची चौकशी डॉक्टरांकडे.

तो डावा हात आजपासूनच राखायला सुरुवात करा. रक्त तपासायला, सलाईन लावायला डाव्या कोपराजवळची किंवा मनगटाजवळची शीर देऊ नका. पंजाच्या मागची चालेल, उजवा तर चालेलच. सलाईन डाव्या हाताला लावायचा बेत कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, आपसूक होतो, कारण उजवा कामात असतो. तिथे आठवण करून द्या, पंजाच्या मागे लावा म्हणून. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं "डावा हात राखीव" असं लिहून ठेवलेलं मी पेशंटकडे पाहिलंय.

त्या दिवशी जांघेवरचे केसही काढतील. घाबरू नका. मनगटातली धमनी कधी वळणाची निघते, कधी खांद्याजवळची वाट जन्मतःच वेगळी असते, कधी आखडून सोडतच नाही, मग वाट बदलावी लागते. शंभरातल्या थोड्यांनाच, पण तयारी ठेवतात. तेव्हा "डावं मनगट घेऊ का" असं टेबलावर कुणी म्हणण्याआधीच डॉक्टरांशी ठरवून ठेवा की उजवं नाही जमलं तर थेट जांघ.

आत्यांचा पितृपक्ष. चालताना दाब येतो, थांबलं की जातो, आणि हे दोन महिन्यांत वाढलेलं नाही, असं असेल तर नेफ्रॉलॉजिस्टची भेट, सलाईनची तयारी, यात दहा-पंधरा दिवस तसेही जातील, आत्यांचा मानही राहील. पण बसल्या जागी दुखलं, झोपेतून उठवलं, दाब वीस मिनिटं टिकला किंवा घाम फुटला, तर पंचांग बाजूला ठेवून सरळ जवळचं रुग्णालय. तिथून नाशिक. आणि या स्थिर दुखण्यात अँजिओग्राफी आत्ताच का, औषधांवर काही दिवस बघता येईल का, हेही डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. ट्रेडमिलवर किती मिनिटांत काय दिसलं त्यावर ते अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी सोडलं तरी अण्णांना त्याच रात्री चांदोरीमार्गे निफाडला नेऊ नका. इंदिरानगरला तुमच्याकडे ठेवा. घरी गेल्यावर भोकातून रक्त आलं तर तिथे दोन बोटं घट्ट दाबायची, हात वर धरायचा, दहा-पंधरा मिनिटं न उघडता. थांबलं नाही तर दाबलेल्या अवस्थेतच रुग्णालयात. कोपरापुढचा हात दगडासारखा टणक होऊन ठणकायला लागला, किंवा बोटं पांढरी, बधिर, गार पडली, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि आठवड्यानं दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांच्या हातात मनगट द्या आणि नाडी लागते का ते विचारा.

आता कात्री. पहिले दोन दिवस मनगट वाकवायचं नाही, बादली उचलायची नाही, मोटारसायकलचा हँडलही नको. नुसती अँजिओग्राफी झाली आणि मनगट साफ असेल तर आठवड्यानं कात्री धरायला माझी ना नाही, पहिल्या दिवशी तासभर. छाटणीत मनगट दिवसाला हजारो वेळा आवळतं, ते एकदम नको. पण स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, पडला तर गोष्ट वेगळी, आणि तिथे त्या भोकाचा संबंधच नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात, त्या एक दिवसही मनानं बंद करायच्या नाहीत. छाटणीच्या कात्रीनं बोट कापलं नाही असा द्राक्षवाला मला अजून भेटायचाय. एरवी चिंधी बांधून भागतं, या गोळ्यांवर ते तासभर वाहतं. यंदाची छाटणी पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीला देऊन टाका, आणि डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायचं कामही. काडीवर किती डोळे ठेवायचे ते अण्णांनी बांधावर खुर्ची टाकून सांगावं. त्यासाठी आठवडा थांबायची गरज नाही, तिसऱ्या दिवशी गेले तरी चालेल.